संत्र्याचा दरवळ तासाभरात कडवट होतो: सिमर पॉटचं काय चुकतं आणि ते कसं सुधारायचं

ऑक्टोबरच्या मध्यावर न्यू जर्सीतल्या आमच्या गल्लीत मेपलची झाडं लालभडक होतात आणि त्याच सुमारास घराच्या खिडक्या लागतात, त्या थेट एप्रिलपर्यंत. हीटिंग सुरू होतं. कोंडलेल्या हवेत फोडणी, लसूण, तळण सगळं मुरत जातं. अशा दिवसांत इथल्या घरांतून सिमर पॉट ठेवायची पद्धत आहे: पातेल्यात पाणी, संत्र्याच्या चकत्या, दालचिनी, लवंगा, वाटलं तर मूठभर क्रॅनबेरी, आणि खाली अगदी बारीक गॅस. प्यायला नाही, फक्त वासासाठी. शेजारणीच्या दारात पहिल्यांदा तो दरवळ आला तेव्हा मला एकदम कोजागिरीची गच्ची आठवली. तेव्हापासून दर वर्षी ठेवते.

आणि पहिली तीन वर्षं दर वेळी एकच तक्रार. सुरुवातीची वीस मिनिटं घर घमघमतं. जिन्यावर, वरच्या खोलीत, पार कोटांच्या कपाटापर्यंत संत्रं पोचतं. मग तासाभरात तोच वास फिरतो. संत्रं नाहीसं होतं आणि उरतो उकडलेल्या सालीचा जड, कडवट वास, मुरांबा पातेल्याला लागत आला की येतो तसा. आधी वाटलं संत्री कमी पडतात, म्हणून दोनाची चार केली, कडवटपणा वाढला. मग लवंगा वाढवल्या. घराला दाताच्या दवाखान्याचा वास आला. मग गॅस मोठा केला, पातेलं करपलं. तुमचंही असंच होत असेल तर जिन्नस वाढवू नका. चूक प्रमाणात नाही, क्रमात आहे.

मला ती दाखवली सासूबाईंनी. त्या नागपूरच्या, त्या वर्षी दिवाळीला इकडे आल्या होत्या. मी नेहमीसारखं सगळं एकदम थंड पाण्यात टाकून पातेलं चढवलं. त्या ओट्याशी उभ्या राहून बघत होत्या.

"अगं, संत्र्याची सालं कशाला शिजवून राहिलीस? पाकात वेलची तू पहिले टाकतेस का?"

"आई, पण सगळीकडे एकदमच टाका म्हणून सांगतात."

"सांगू दे. वास कधी गेला ते बघ, म्हणजे कळेल."

पाक झाला, गॅस बंद केला, की मग वेलची. खडा मसाला मात्र तेलात सगळ्यात आधी. हा क्रम आपल्या हाताला पाठ असतो, पण इथे तो लावायचं मला सुचलं नव्हतं.

मग त्यामागचं कारणही शोधलं. संत्र्याच्या सालीतलं तेल नव्वद टक्क्यांहून जास्त लिमोनीन असतं. ते एकटं १७६ अंश सेल्सिअसला उकळतं, पण पाण्याच्या वाफेचा हात धरून ते १०० अंशांच्या आतच निघून जातं. वाफेवर सुगंधी तेलं काढतात ती याच गुणावर. म्हणजे उकळत्या पाण्यात साल टाकली की आपण घरात छोटी भट्टीच लावतो, फक्त निघालेलं तेल बाटलीत न जाता हवेत जातं. माझ्या पातेल्यात वीस-पंचवीस मिनिटांत सालीतला अर्क संपलेला असतो. लवंगेतलं युजेनॉल आणि दालचिनीतलं सिनॅमाल्डिहाइड ही जड मंडळी. दोन्ही एकेकटी २४५ अंशांच्या पुढे उकळणारी, त्यात कठीण सालीत आणि कळीत बसलेली. ती भिजून, फुगून, सुटायलाच अर्धा तास घेतात. संत्रं भरात असतं तेव्हा मसाला जागा झालेला नसतो, आणि मसाला सुटतो तेव्हा संत्रं निघून गेलेलं असतं. सगळी चुकामूक इथेच होते.

तेल गेल्यावर पातेल्यात राहतो तो गर, त्यातली साखर, आम्ल आणि सालीचा पांढरा भाग. पाणी उतरत जातं तसं पातेल्याच्या आतल्या अंगाला, पाण्याच्या रेषेच्या बोटभर वर, एक चिकट तपकिरी कडं धरतं. पुढच्या वेळी गॅस बंद करून पातेलं निवलं की ते नखाने खरवडून हुंगा. घरभर पसरलेला कडवट वास तोच. पाणी खाली गेलेलं, पातेल्याचं अंग तापलेलं, आणि त्या कोरड्या पट्ट्यावर गरातली साखर करपत बसलेली.

म्हणून पहिला बदल हा: गर घालायचाच नाही. संत्रं खाऊन टाका, पातेल्यात फक्त साल. तीही सोलाण्याने पातळ काढलेली, नारंगी भाग तेवढा, पांढरा जितका कमी तितका बरा. पाहुणे यायचे असतील आणि वर तरंगणारी चकती हवीच असेल, तर एक चकती शेवटच्या पंधरा मिनिटांपुरती सोडा आणि काढून घ्या. क्रॅनबेरीचंही तेच. त्या फुटल्या की पाण्याला लाल रंग छान येतो, पण वास फारसा नसतो आणि गर मात्र तळाला बसतो. आमच्या राज्यात ऑक्टोबरात त्यांची काढणी असते, बाजार ताज्या फळांनी भरलेला असतो, त्यामुळे मोह होतो. आठ-दहा पुरे.

दुसरा बदल क्रमाचा. मी आता असं करते. जाड बुडाच्या स्टीलच्या पातेल्यात दीड लिटर थंड पाणी, त्यात बोटभर लांबीचे दालचिनीचे दोन तुकडे, सहा लवंगा, एक चक्रीफूल, ठेचलेल्या चार वेलच्या आणि आल्याच्या तीन चकत्या. एक उकळी येऊ द्यायची, लगेच गॅस अगदी बारीक करायचा आणि झाकण ठेवून वीस-पंचवीस मिनिटं विसरायचं. झाकण यासाठी की या वेळात वाफ वाया जाऊ नये, मसाला पाण्यातच सुटावा. मग झाकण काढायचं आणि दोन संत्र्यांच्या सालीचे तीन हिस्से करून पहिला टाकायचा, टाकताना बोटांनी चुरगाळून. त्या क्षणी दोन्ही वास एकदम उठतात. पाऊण तासाने जुनी साल झाऱ्याने काढायची आणि दुसरा हिस्सा टाकायचा, आणखी पाऊण तासाने तिसरा. जुनी साल काढण्याचा कंटाळा करू नका. तेल गेलेली साल पाण्यात राहिली की मऊ होऊन गळते, आणि कडवटपणा पुन्हा तिथूनच सुरू होतो.

एवढं केलं तर तक्रारीचा बहुतेक भाग मिटतो. तरीही संत्रं पहिल्यापासूनच फिकं लागत असेल तर दोष सालीत आहे, आणि तो पातेल्यात टाकण्याआधीच ओळखता येतो.

लहानपणी दिवाळीत आपण सगळ्यांनी केलेला उद्योग आठवा: संत्र्याची साल पणतीसमोर धरून दाबायची, बारीक ठिणग्या उडतात. ते उडतं ते हेच तेल. लिमोनीन पटकन पेट घेतं. (तीच साल भावंडाच्या डोळ्यांत पिळली की ती कशी झोंबते, तेही त्याचंच काम.) पातेल्यासाठी ज्योत नको. सालीचा रुपयाएवढा तुकडा खिडकीतल्या उन्हाकडे धरा, नारंगी बाजू बाहेर ठेवून मध्ये मोडा. ताज्या सालीतून उन्हात स्पष्ट दिसेल असा तुषार उडतो आणि बोटं तेलकट होतात. तुषार उडाला नाही, साल रबरासारखी नुसती वाकली, तर तिच्यात घालण्याजोगं काही उरलेलं नाही. ते संत्रं खायला गोड असेलही. साल जुनी आहे.

इथे सप्टेंबर-ऑक्टोबरात हे फार होतं, कारण शरद ऋतू आणि संत्र्यांचा हंगाम यांचं इथे जुळत नाही. कॅलिफोर्नियातली नेव्हल संत्री नोव्हेंबरात सुरू होतात. त्याआधी दुकानात दिसतात ती एक तर उन्हाळी व्हॅलेन्सियाची शेवटची फळं, नाहीतर दक्षिण गोलार्धातून जहाजाने आलेली. तोडून बरेच दिवस झालेले, वर मेणाचा थर. म्हणून ऑक्टोबरात मी संत्र्याऐवजी लिंबाची साल निम्मी घालते, लिंबं बारा महिने बरी मिळतात. फळ कुठलंही असो, आधी गरम पाण्याखाली धरून ब्रशने घासा. मेणाचा थर पुष्कळसा निघतो आणि साल मोकळी होते. नोव्हेंबरात नेव्हल आली की फरक मुद्दाम सांगावा लागत नाही. सासूबाई मात्र म्हणतात की खरा वास नागपुरी संत्र्याच्या सालीलाच. ती साल पातळ आणि सैल, नुसत्या अंगठ्याने सुटते, आणि अंबिया बहाराची (हिवाळ्याच्या शेवटी फुललेली) फळं दिवाळीच्या मागेपुढे बाजारात असतात. नागपुरात, पुण्यात हे करून बघणाऱ्यांना हा फायदा आहे. फक्त सोलाण्याचा उपयोग नाही, हातानेच सोला आणि आतल्या शिरा काढून टाका.

आता आच. "गॅस मोठा केला की वास जास्त" हा समज पातेलं जाळतो. उघड्या पातेल्यातलं पाणी उकळलं की त्याच्यावर तापत नाही, आच कितीही वाढवा. वाढीव आचेने पाणी फक्त लवकर उडतं. आपल्याला हवी ती अवस्था खळखळ उकळण्याच्या बरीच अलीकडची आहे. पाण्याचा पृष्ठभाग थरथरतो, काठाशी मोत्यांसारखे बुडबुडे येतात आणि विरतात, वाफ वर जाताना दिसते पण आवाज येत नाही. खोलीच्या दुसऱ्या टोकाला पाण्याचा आवाज ऐकू आला तर आच जास्त आहे. माझ्या सगळ्यात लहान बर्नरवर अशा आचेला तासाला साधारण दीड कप पाणी उडतं. तुमचं किती उडतं ते एकदा मोजाच: लाकडी चमच्याच्या दांड्यावर पाण्याची खूण करा, तासाने पुन्हा बुडवून बघा. मग पाणी कधी घालायचं ते अंदाजावर राहत नाही. घालताना किटलीतलं गरम पाणी घाला. थंड घातलं की सगळं निवतं, पुन्हा वास उठायला दहा मिनिटं जातात.

इलेक्ट्रिक शेगडीवर सगळ्यात कमी आचेलाही पाणी उकळत राहत असेल तर खाली लोखंडी जाळी किंवा जुना तवा ठेवा. स्लो कुकर असेल तर याहून सोपं काही नाही: मसाला झाकण लावून 'हाय'वर, साल टाकताना झाकण काढून 'लो'वर. वास थोडा मंद येतो, पण संध्याकाळभर टिकतो आणि करपण्याची धास्ती कमी.

पातेलं स्टीलचंच घ्या. ॲल्युमिनियम आंबटाने काळं पडतं, बिडाच्या कढईचा मुरवलेला थर निघून जातो, आणि कल्हई नसलेलं पितळ लिंबासंत्र्याला चालत नाही. नॉनस्टिक तर नकोच. पाणी आटून ते कोरडं तापलं तर त्याच्या थरातून निघणारा धूर वाईट असतो, आणि घरात पोपट किंवा लव्हबर्ड असतील तर त्यांच्या जिवावर बेतू शकतं. कुठलंही पातेलं असलं तरी चालू ठेवून झोपायचं नाही, दुकानात जायचं नाही. फोनवर अर्ध्या तासाचा गजर लावा आणि प्रत्येक गजराला उठून पाण्यात डोकवा.

मसाल्याच्या तक्रारी त्या मानाने सोप्या आहेत. दवाखान्यासारखा वास येतो तो लवंगा जास्त झाल्यामुळे. युजेनॉल दातांच्या औषधांत वापरतात, त्यामुळे नाक तिकडेच जातं. दीड लिटरला सहा, फार तर आठ. जास्त पडल्या असतील तर झाऱ्याने काढा, निम्मं पाणी ओतून द्या, नवं गरम पाणी घाला. निलगिरीसारखा थंड, औषधी वास येत असेल तर रोजमेरी किंवा 'बे लीफ' बघा. इथल्या दुकानातलं 'बे लीफ' आपलं तमालपत्र नव्हे. आपल्या पानाला देठापासून टोकापर्यंत तीन उभ्या शिरा असतात आणि वास दालचिनीच्या घराण्यातला; इथल्या पानाला मधोमध एकच शीर आणि वास निलगिरीकडे झुकणारा. हाताशी तमालपत्र असेल तर एक पान जरूर घाला, मला तो वास फार आवडतो.

दालचिनीची पूड कधीच नको. ती पाण्यात बुळबुळीत होते, वर साय धरल्यासारखा थर येतो, खाली तळाला बसून करपते. आणि दालचिनी उंची नको. कोकणातली किंवा सिलोनची पातळ, पापुद्र्यांची सुरळी नाजूक वासाची असते, ती खाण्यात वापरा. भारतीय किराणा दुकानात मिळणारे जाड, चपट्या सालीचे तुकडे कॅशियाचे असतात. ते स्वस्त आणि उग्र, या कामाला तेच बरे. व्हॅनिलाची महागडी शेंग पाण्यात टाकण्याबद्दलही माझं स्पष्ट मत आहे की टाकू नये. व्हॅनिलीन इतकं जड असतं की वाफेबरोबर फारसं वर येत नाही. तो पैसा पाण्यात जातो.

"पातेलं चालू आहे, पण वासच येत नाही" असं वाटलं तर पातेल्याला हात लावण्याआधी कोट चढवून पाच मिनिटं अंगणात जाऊन या. एकाच वासात बसलेलं नाक पाव तासात त्याची दखल घेणं सोडून देतं. परत आत शिरताना पहिल्या श्वासाला जे जाणवेल ते खरं. तेव्हाही काही जाणवलं नाही तर शेगडीवरचा पंखा चालू आहे का बघा. तो बाहेर हवा फेकणारा असेल तर तुमचं संत्रं थेट छपरावर जातंय.

आणि इथे एक गोष्ट दिवाळीच्या दिवसांसाठी, कारण बहुतेक जण पातेलं चढवतात ते तळणाचा वास घालवायला. चकल्या, शेव, अनारसे झाले की त्या वासावर सिमर पॉट चढवू नका. तळणाचा वास म्हणजे नुसती हवा नव्हे. तेलाचे बारीक कण पडद्यांवर, सोफ्यावर, दाराजवळच्या कोटांवर बसलेले असतात. त्यावर संत्रं आणि दालचिनी घातली की दोन्ही मिळून तिसराच, गोडसर खवट वास होतो आणि तो दोन दिवस जात नाही. तळताना कोट बेडरूममध्ये नेऊन दार लावा, पंखा चालू ठेवा. (बऱ्याच अपार्टमेंटमधले पंखे हवा बाहेर टाकतच नाहीत, जाळीतून गाळून परत आत सोडतात. पंख्याच्या वरच्या फटीशी कागद धरून बघा; तो फडफडला तर हवा घरातच येतेय.) तळण झाल्यावर समोरासमोरच्या दोन खिडक्या पंधरा मिनिटं सताड उघडा, कितीही थंडी असो. ओटा आणि शेगडीमागच्या फरशा साबणाने पुसा. मग पातेलं. तेव्हा तेच जिन्नस असे काही उठतात की दारात आलेला माणूस आधी थांबून श्वास घेतो.

खिडक्यांच्या काचांवर आतून पाणी साचायला लागलं तर त्या दिवसापुरतं पातेलं बंद करा. हिवाळ्यात कोरड्या घराला थोडी वाफ बरी वाटते, पण घरातली आर्द्रता तीस ते पन्नास टक्क्यांत असावी. त्यापुढे चौकटीच्या कोपऱ्यात बुरशी धरते. घरात दमेकरी असेल तर तास-दीड तासाच्या वर नको आणि एक खिडकी किंचित उघडी हवी. मांजर असेल तर पातेलं तिच्या तोंडाला लागणार नाही असं ठेवा आणि सालीही झाकून टाका. संत्र्या-लिंबाचं तेल आणि युजेनॉल मांजरांच्या शरीराला नीट निपटता येत नाही.

दुसऱ्या दिवशी तेच पाणी परत तापवलं की आंबूस वास येतो, ही शेवटची तक्रार. रात्री पातेलं ओट्यावर तसंच राहिलं की साली आंबायला लागतात. गॅस बंद केल्यावर गाळून साली टाकून द्या. दालचिनी आणि चक्रीफूल धुऊन फडक्यावर पसरा; आणखी एकदा सहज चालतात, फक्त लवंगा नव्या घ्या. पातेल्याच्या आतलं ते तपकिरी कडं चमचाभर खायचा सोडा आणि गरम पाणी रात्रभर ठेवलं की सकाळी नुसत्या हाताने निघतं.